समाजकार्याचे शिक्षण : वर्गातले आणि वस्तीतले



काही वर्षांपूर्वी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन मी एका खेड्यात दहा दिवस मुक्कामाला होते. संध्याकाळी देवळाच्या पारावर चार मंडळी जमत, आमची विचारपूस करीत. त्यांत एक वयस्क शेतकरी होते. एके दिवशी त्यांनी मला विचारले, "बाई, ही पोरं काय शिकत्यात म्हणालात?"

"समाजकार्य," मी म्हटले.

"म्हंजे समाजाची सेवाच की! मग त्याला कॉलेज कशाला पायजे? आमची आई एक अक्षर शिकल्याली नव्हती. पण निम्म्या गावाची बाळंतपणं तिनं केली. कुणाच्या घरी चूल पेटली न्हाई, तर आधी तिला कळायचं. तिनं कुठं परीक्षा दिली होती?"

पारावरची मंडळी हसली. मीही हसले, पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या वेळी मी जे उत्तर दिले ते माझे मलाच पटले नाही. आज तोच प्रश्न आपल्यापुढे मांडून त्याचे जरा नीट उत्तर द्यावे असा विचार आहे. ऐकणाऱ्यांत गुरुजी आणि शिक्षिका पुष्कळ असतील. त्यांचा या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. तो कसा, ते ओघाने येईलच.

आधी हे शिक्षण आपल्याकडे आले कसे, ते थोडक्यात सांगते. मुंबईत नागपाडा म्हणून दाट वस्तीचा भाग आहे. तिथे क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन गृहस्थांनी शेजारकेंद्र सुरू केले. गोरगरिबांच्या वस्तीतच राहायचे आणि त्यांच्या अडीअडचणी त्यांच्याबरोबर बसून सोडवायच्या, अशी त्यामागची कल्पना. हे काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, नुसती कळकळ पुरत नाही. काम करणाऱ्या माणसांना तयार करावे लागते. पुढे टाटांच्या विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९३६ साली त्याच नागपाड्यात समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले. भारतातले अशा प्रकारचे ते पहिले विद्यालय. आज आपण ज्या संस्थेला टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो, ती हीच. १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन, १९६३ साली पुण्यात महर्षी कर्व्यांच्या नावाची समाजसेवा संस्था, नागपुरात मातृसेवा संघाची संस्था, अशी ही परंपरा वाढत गेली. आता तर जिल्ह्याजिल्ह्यांतून अशी महाविद्यालये आहेत आणि खेड्यापाड्यांतली मुले-मुली तिथे शिकत आहेत.

या शिक्षणाची एक रीत मात्र इतर शिक्षणाहून वेगळी आहे. आठवड्यातले काही दिवस वर्गात तास होतात. आणि सर्वसाधारणपणे दोन दिवस विद्यार्थ्याने प्रत्यक्ष वस्तीत, दवाखान्यात, शाळेत किंवा खेड्यात जाऊन काम करायचे. याला क्षेत्रकार्य म्हणतात. काय पाहिले, कोणाशी काय बोलणे झाले, हे त्याने लिहून काढायचे आणि मार्गदर्शक शिक्षकांसमोर बसून त्याची चर्चा करायची. कुठे चुकले, का चुकले, हे शोधायचे. डॉक्टर होणारा मुलगा जसा रुग्णाच्या खाटेशी उभा राहून शिकतो, तसेच हे.

वर्गात काय शिकवतात? समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे, सरकारी योजना, हे तर आलेच. पण त्याबरोबर या व्यवसायाची काही मूल्ये शिकवतात. अमेरिकेतल्या फेलिक्स बीस्टेक या धर्मगुरू असलेल्या प्राध्यापकांनी १९५७ साली मदत करणारा आणि मदत घेणारा यांच्या नात्याची सात तत्त्वे सांगितली. ती आजही आमच्या वर्गात शिकवली जातात. सगळी सातही सांगत बसत नाही. त्यांतली तीन आपल्या रोजच्या व्यवहारातली आहेत. समोरचा माणूस आहे तसा स्वीकारावा, त्याचा न्यायनिवाडा करत बसू नये, हे एक. त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपल्यापाशीच ठेवावी, हे दुसरे. आणि आपल्या आयुष्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, आपण तो त्याच्यावर लादू नये, हे तिसरे.

ऐकायला किती सोपे वाटते, नाही? मलाही तसेच वाटले होते. परीक्षेत यावर प्रश्न आला आणि मला चांगले गुण मिळाले. आणि त्याच वर्षी मी यातले दुसरे तत्त्व पार मोडले. ती हकीकत सांगते.

क्षेत्रकार्यासाठी मला एका गावच्या शाळेत पाठवले होते. सातवीतली एक मुलगी दोन आठवडे शाळेत आली नव्हती. गुरुजी म्हणाले, "जरा घरी जाऊन बघा." मी गेले. आई घरात एकटीच होती. आधी ती काही बोलेना. मुलीला बरे नाही, पाहुण्यांकडे गेली आहे, असे काहीबाही सांगत राहिली. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिने मला आत बोलावले, दार लोटून घेतले आणि हलक्या आवाजात सांगितले. नवऱ्याला क्षयाची बाधा झाली होती. तो तालुक्याच्या दवाखान्यात होता. मुलगी बापाजवळ राहत होती. "बाई, कुणाला बोलू नका. भावकीत कळलं तर पाण्यावरसुद्धा येऊ द्यायचे नाहीत. पोरीचं पुढं कसं व्हायचं?"

मला फार वाईट वाटले. यांना काहीतरी मदत मिळाली पाहिजे असे मनाने घेतले. त्याच संध्याकाळी मी सरपंचांकडे गेले आणि मोठ्या तळमळीने सगळी हकीकत सांगितली. गृहस्थ सज्जन होते. मदत मिळवून देतो म्हणाले आणि मदतीसाठी आणखी दोघांना बोलावले. त्या दोघांनी घरी सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विहिरीवर तोच विषय चालू होता.

आठवड्याने मुलगी शाळेत आली, तेव्हा तिच्या शेजारी कुणी बसेना. शिकवून-सांगून झाले, रागावून झाले. पण मुलांना घरून जे सांगितलेले असते ते शाळेत एका दिवसात पुसले जात नाही. पुढच्या सोमवारी ती आली नाही. महिन्याभराने कळले, आईने तिला मामाच्या गावी पाठवून दिले. तिथे ती शाळेत गेली की नाही, हे मला कधीच समजले नाही.

मी क्षमा मागायला त्या घरी गेले. आईने मला बसायला घोंगडे दिले, पाणी दिले. आणि म्हणाली, "तुमचं मन चांगलं होतं बाई, ते मला ठावं हाय. पण तुमचं चांगलं मन आमच्या अंगाशी आलं."

हे सगळे मी माझ्या अहवालात लिहिले. आमच्या मार्गदर्शक बाई मला रागावतील असे वाटले होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एकच विचारले, "ती गोष्ट कोणाची होती?" मी म्हटले, "त्या आईची." "मग ती कुणाला सांगायची, हे कोणी ठरवायला हवं होतं?"

श्रोतेहो, पुस्तकातले तत्त्व मला त्या दिवशी समजले. मी सरपंचांकडे जाण्याआधी त्या आईला एवढेच विचारले असते की, "मदतीसाठी मी कुणाशी बोलू का? कुणाशी बोललेलं चालेल?" तर कदाचित तिनेच एखादे विश्वासाचे माणूस सुचवले असते. किंवा नको म्हटले असते. तिला आपली भावकी माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. आता क्षयावर सरकारी दवाखान्यात मोफत औषधे मिळतात आणि ती नेमाने पूर्ण घेतली तर रोग बरा होतो. पण रोगाची लाज अजून गेलेली नाही. क्षयाच्या जागी दुसरे काही घाला: नवऱ्याचे व्यसन, सावकाराचे कर्ज, मुलाची वेडसर वागणूक. गोष्ट तीच राहते.

कुणी म्हणेल, ही गुप्तता, हा आत्मनिर्णय, ही सगळी परदेशातली खुळे; आपल्या गावात सगळ्यांना सगळे ठाऊक असते. तर मग पुण्यातली एक जुनी गोष्ट ऐका. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या काळी उच्चवर्णीयांत विधवेचा पुनर्विवाह सहसा होत नसे. एखादी फसली, तर लोकलज्जेपायी जीव तरी द्यायची नाहीतर तान्ह्या मुलाचा जीव तरी घ्यायची. अशा स्त्रियांसाठी हे गृह होते. त्याची जी जाहिरात लावली होती, तिचा आशय काय होता? इथे या, गुप्तपणे आणि सुरक्षित बाळंत व्हा. आणि मूल बरोबर न्यायचे की इथे ठेवायचे, हे तुमच्या खुशीवर आहे. पाहा बरे! स्वीकार त्यात आहे, कारण तू असे का केलेस हा प्रश्नच नाही. गुप्तता आहे. आणि मुलाबाबतचा निर्णय आईच्या हाती आहे. बीस्टेक यांच्या पुस्तकाआधी ९४ वर्षे हे आपल्या मातीत घडले होते. तेव्हा ही मूल्ये परकी आहेत असे म्हणायला जागा नाही. आपण ती विसरलो, एवढेच म्हणता येईल.

आता निर्णय लादू नये, हे जे तिसरे तत्त्व सांगितले, त्याकडे येते. ते पाळायला सर्वांत अवघड. आपल्याला दुसऱ्याचे भले कशात आहे ते नेहमीच त्याच्यापेक्षा चांगले कळते, नाही का?

माझी एक विद्यार्थिनी ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांत काम करीत होती. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा कोयता कारखान्याकडे निघतो आणि बरोबर पोरेबाळेही जातात. शाळा सुटते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय असते. एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला मागे ठेवायला तयार होईना. माझी विद्यार्थिनी तिला रोज जाऊन समजावी. शिक्षणाचे महत्त्व सांगे. शेवटी ती चिडून माझ्याकडे आली. "बाई, या लोकांना शिकायचंच नाही हो!"

मी म्हटले, "का ठेवत नाही, हे विचारलंस का?"

विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती गेली, काही न समजावता नुसती बसली आणि ऐकत राहिली. आईला मुलीच्या शाळेचे वावडे नव्हते. तिच्यापुढे दोन अडचणी होत्या. धाकटे मूल आठ महिन्यांचे. दोघे फडात गेल्यावर कोपीवर त्याला कोण सांभाळणार? आणि दुसरी, वाढत्या वयाची पोर रात्री कुणाच्या भरवशावर ठेवायची? या दोन्ही गोष्टींना आमच्या विद्यार्थिनीच्या भाषणात उत्तर नव्हते. मग दोघी मिळून विचार करू लागल्या. अखेर आईनेच मार्ग काढला. मुलगी दिवसा शाळेत जाईल आणि रात्री मावशीकडे झोपेल; आणि धाकट्यासाठी सासूबाई बरोबर येतील. सासूबाई तयार होतात की नाही, ही चिंता होतीच. पण त्या झाल्या. मुलीचे ते वर्ष वाया गेले नाही. दरवेळी असे जमतेच असे नाही. पण जे जमले ते आईने ठरवले म्हणून टिकले.

इथे एक खुलासा केला पाहिजे. गुप्तता आणि आत्मनिर्णय यांना मर्यादा आहेत. समजा, एखादी मुलगी शिक्षिकेला सांगते, "बाई, कुणाला सांगू नका," आणि तिच्यावर घरात किंवा बाहेर लैंगिक अत्याचार होत आहे असे कळते. ही गोष्ट पोटात ठेवता येत नाही. २०१२ सालच्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे ज्याला असे कळेल त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. बालविवाहालाही कायद्याने बंदी आहे. तिथे "त्यांच्या घरचा निर्णय" म्हणून गप्प बसता येत नाही. अशा वेळी १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक उपयोगी पडतो. हाही १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या क्षेत्रकार्यातूनच सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. म्हणून शिक्षकांना माझे सांगणे असे की, मुलाला "मी कुणालाच सांगणार नाही" असे वचन आधी देऊ नका. "तुला सुरक्षित ठेवण्यासाठी गरज पडली तर मी योग्य माणसाशी बोलेन, पण तुला सांगून बोलेन," असे म्हणा. मुलाला ते समजते. आणि मग जे सांगायचे ते गरजेपुरते, ज्याला सांगायला हवे त्यालाच सांगा. शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर ते निघता कामा नये.

गुरुजनहो, आता आपल्याविषयीच थोडे बोलते. समाजकार्यकर्ता प्रत्येक गावात नसतो, शिक्षक असतो. तेव्हा ही मूल्ये आपल्याला दूरची नाहीत. एक साधे उदाहरण घ्या. शिष्यवृत्तीचे किंवा मोफत गणवेशाचे अर्ज भरायचे असतात. घाईत आपण भर वर्गात म्हणतो, "अमुक जातीची मुले उभी राहा," किंवा "दारिद्र्यरेषेखालचे कोण कोण?" मुले उभी राहतात. चाळीस जोडी डोळे त्यांच्याकडे वळतात. सरकारने मदत दिली ती मुलाला वर आणण्यासाठी, आणि देताना आपण त्याची मान खाली घालायला लावली. यादी आपल्या हजेरीपटावरून काढता येते. मुलाला मधल्या सुट्टीत बाजूला बोलावता येते. दहा मिनिटे जास्त लागतील, एवढेच.

दुसरे, गैरहजर मुलाच्या घरी जाल तेव्हा दारातूनच झाडाझडती घेऊ नका. आत या म्हटले तर जा, बसा, दिलेले पाणी प्या. कोणत्या वस्तीत आपण पाणी पितो आणि कोणत्या वस्तीत "आत्ताच प्यालो" म्हणतो, हे लोक बरोबर ध्यानात ठेवतात. स्वीकाराचा धडा पाण्याच्या त्या तांब्यापाशीच सुरू होतो.

आमच्या शिक्षणातही दोष आहेत, ते लपवू नयेत. क्षेत्रकार्याचे अहवाल घरी बसून लिहिणारे विद्यार्थी आहेत आणि ते न वाचता सही करणारे शिक्षकही आहेत. दरवर्षी नवी तुकडी त्याच वस्तीत जाते आणि तेच प्रश्न विचारून तक्ते भरून आणते. एका वस्तीत एका बाईंनी आम्हाला विचारले, "गेल्या साली बी लिहून नेलंत. त्याचं काय झालं?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. लोकांकडून माहिती घेतली, तर तिचे काय केले हे परत जाऊन त्यांना सांगणे हे आपले देणे आहे. हे देणे आम्ही पुष्कळदा बुडवतो.

उलट बाजूही सांगते. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या बाया गावाने निवडलेल्या. कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते, पुष्कळशा दलित किंवा गरीब घरच्या. गरोदर बाईची काळजी, मुलांचा आहार, अतिसार झाल्यास मीठ-साखरेचे पाणी, हे सगळे त्या शिकल्या आणि आपापल्या गावात शिकवू लागल्या. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकलेल्या डॉक्टरांनी न शिकलेल्या बाईला आपल्या शेजारी बसवले आणि तिच्यावर विश्वास ठेवला, हे मला त्यात फार मोलाचे वाटते.

आणि इथे मला पारावरच्या त्या आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. आजोबा, तुमच्या आईपाशी जे होते ते कोणत्याही कॉलेजात मिळत नाही. कुणाची चूल पेटली नाही हे कळायला जे मन लागते ते घरातच मिळते. पण तुमची माय ज्या गावात राहत होती तिथली घरे तिला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. कुणाचे काय झाकून ठेवायचे हेही ती लहानपणापासून शिकली होती. ती तिची शाळाच होती म्हणा ना. आमची मुले मात्र परक्या गावात, परक्याच्या उंबऱ्यावर उभी राहतात. त्यांना हे शिकून घ्यावे लागते. चांगल्या मनाचा चटका दुसऱ्याला बसू नये, म्हणून हे शिक्षण आहे.

त्या मुलीच्या आईने मला दिलेले पाणी अजून आठवते. आज माझ्यासमोर नवी तुकडी बसते तेव्हा पहिल्या तासाला मी त्यांना व्याख्या सांगत नाही. तिचीच गोष्ट सांगते. नाव, गाव मात्र सांगत नाही. तेवढे तरी तिचे तिच्यापाशी राहू दे.